खाचरातली बुरशी, बंगल्यापुढची हिरवळ

ज्याचे आयुष्य गवत उपटण्यात गेले त्याच्याकडे हिरवळीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना मागणे ही थट्टाच आहे, असे मला आधी वाटले. मी भाताच्या रोगांचा माणूस. पालघर, वाडा, विक्रमगड, डहाणू या टापूत बांधांवरून हिंडण्यात माझे पस्तीस पावसाळे गेले. खाचरात आले ते गवत म्हणजे तण, आणि तण म्हणजे वैरी, एवढाच गवताचा आणि माझा परिचय. बंगल्यापुढच्या लॉनकडे तर मी गुरे चरत नाहीत ते गवत म्हणूनच पाहत आलो. लेखक बोईसरमध्ये कारखान्यांच्या आणि वसाहतींच्या बागा सांभाळतात. हस्तलिखित घेऊन ते घरी आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. "उद्या सकाळी सहाला या, चहा तिकडेच घेऊ," एवढेच म्हणाले.

जुलैचा दुसरा आठवडा होता. रात्रभर पाऊस लागून पहाटे उघडीप झाली होती. एमआयडीसीतल्या एका कार्यालयापुढे हिरवळ होती, आणि तिच्यात परातीएवढी आणि त्याहून मोठी तपकिरी वर्तुळे पडलेली. एका वर्तुळाच्या कडेला ओल्या काळसर धुराची वलये काढावी तशी रेघ दिसत होती. मी वाकून एक पान धरले आणि हलकेच ओढले. ते बुडातून सुटून हातात आले. पानाच्या बुडाला, जिथे ते काडीला मिठी मारून असते तिथे, राखी रंगाचा लांबट डाग होता, भोवती तपकिरी किनार. हा डाग मी पस्तीस वर्षे पाहतो आहे. वाड्याच्या कोलमवर, कर्जतच्या वाणांवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. आमच्याकडे त्याला पर्णकोष करपा म्हणतात. बुरशीचे नाव रायझोक्टोनिया सोलानी. हिरवळीवर तीच बुरशी, आणि रोगाचे नाव तेवढे वेगळे: ब्राउन पॅच. प्रस्तावना लिहायची मी तिथेच कबूल केली, चहा यायच्या आधी.

या पुस्तकाच्या वाचकाने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती हीच. भात हे गवत आहे. हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, हेही गवत. एकाच कुळातल्या या दोन वनस्पतींना छळणाऱ्या बुरशीही बऱ्याचशा एकाच घरातल्या. भातावर करपा आणणारी पायरिक्युलॅरिया रुंद पानाच्या बफेलो गवतावर राखी ठिपके पाडते. भातावर तपकिरी ठिपके आणणाऱ्या बायपोलॅरिसची सख्खी भावंडे हरळीच्या पानांवर ठिपके आणून तिचे बूड कुजवतात. अर्थात खाचरातली बुरशी उठून बंगल्यात येते आणि बंगल्यातली खाचरात जाते, इतके ते सोपे नाही. एकाच जातीच्या बुरशीतही पोटजाती असतात, आणि प्रत्येकीची आवडीची पंगत ठरलेली असते. पण ती वाढते कशी, तिला काय मानवते, कुठे ती हरते, हे नियम सारखेच. खाचराच्या कडेला राहणाऱ्या माणसाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या वाडीत बुडाशी पाणी साचले की वेलीला मर लागते, हे तिथल्या बागायतदाराला पुस्तकातून शिकावे लागले नाही. रोपांसाठी राब भाजणारा आदिवासी शेतकरी जमिनीच्या वरच्या थरातले तणाचे बी आणि रोगाचे बीज जाळूनच टाकत असतो. आपल्या भागात लॉन आली, पण ती हे शहाणपण सोबत न घेता आली. ती नर्सरीतून लादीच्या रूपात आली.

ती कधी आली, याचा अंदाज बांधता येतो. १९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज निघू लागली आणि बोईसरला नोकरदारांची वसाहत उभी राहिली. पुढे औद्योगिक क्षेत्र वाढले, कारखान्यांच्या पर्यावरण मंजुरीत हरित पट्ट्याची अट आली, आणि फाटकापासून कार्यालयापर्यंतची जागा हिरवी ठेवण्याची रीत पडली. केळवे, शिरगाव, बोर्डीच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. कोळगावला मुख्यालयाचे नवे नगर उभे राहिले, त्याबरोबर सरकारी हिरवळही आली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून विरारच्या पुढे सरकलेल्या माणसाने रो-हाउस घेतले आणि पुढच्या दहा बाय पंधरा फुटांत मनातली बाग लावली. यातल्या बहुतेकांनी 'सिलेक्शन वन' नावाने मिळणारे बारीक पानाचे गवत किंवा 'मेक्सिकन' म्हणून विकली जाणारी दाट गालिच्यासारखी जात घेतली. ज्याने सावलीसाठी मागितले त्याला रुंद पानाचे मिळाले. मातीखाली काय आहे ते कोणी पाहिले नाही. बहुधा भरावाचा मुरूम, त्याखाली चिकण, आणि समुद्राच्या बाजूला खारी जमीन.

आता हवामान. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इंग्रजी बागकामाची पुस्तके आपल्या उपयोगाची नाहीत त्याचे मुख्य कारण इथे आहे. त्यांत पानेच्या पाने बर्फाखालच्या बुरशीवर आणि थंड ओल्या वसंतातल्या लाल दोऱ्यांवर खर्ची पडलेली असतात. आपल्याकडे ते रोग नाहीत. त्यांच्याकडे ब्राउन पॅचचा इशारा देताना सांगतात, रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहिले आणि पाने सलग दहा तासांहून अधिक ओली राहिली की सावध व्हा. पालघरला जूनपासून सप्टेंबरपर्यंत रात्रीचा पारा २० च्या खाली जातच नाही. म्हणजे निम्मी अट निसर्गाने आधीच पुरी करून ठेवलेली. उरली पानावरची ओल. हिरवळीच्या रोगाचा आपल्याकडचा सगळा हिशेब त्या ओलीच्या तासांचा आहे, आणि हे पुस्तक तोच मांडते.

तो हिशेब महिन्यांवर मांडला की चित्र पुष्कळ साफ होते. आषाढ-श्रावणात, पाणी साचलेल्या भागात, पिथियम येते. गवत तेलात बुडवून काढल्यासारखे काळपट, चिकट दिसते, पहाटे त्यावर कापसाचे तंतू असतात आणि उन्हे वर आली की ते नाहीसे होतात. पिथियम शास्त्राच्या दृष्टीने बुरशी नाहीच, पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंची ती वेगळीच जात. म्हणूनच बुरशीवरची पुष्कळ औषधे तिच्यावर चालत नाहीत, आणि माळी म्हणतो औषधच खोटे होते. त्याच दिवसांत ब्राउन पॅच, आणि कर्व्ह्युलॅरियाने टोकाकडून पिवळे-तपकिरी पडत गेलेले ठिगळ. काही ठिकाणी बुडाशी पांढरे जाळे आणि त्यात मोहरीएवढे, मोहरीच्याच रंगाचे दाणे सापडतात. ती स्क्लेरोशियम, भुईमूग लावणाऱ्याच्या चांगल्या ओळखीची. भाद्रपद-आश्विनात, पाऊस सरताना आणि ऊन तापताना, हरळीवर पानठिपके. मग थंडी. आपल्याकडची थंडी ती काय, पण दव पडते, आणि दव म्हणजे बुरशीचा पाऊसच. तेव्हा रुपयाएवढे वाळक्या रंगाचे ठिपके पडतात, त्यांचे इंग्रजी नावच डॉलर स्पॉट. आणि तांबेरा येतो. तांबेऱ्याची परीक्षा अगदी सोपी आहे. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हिरवळीतून चालत जा; बूट केशरी झाले तर तांबेरा.

ओळख पटवणे हा या विषयातला सर्वांत रोचक भाग आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. माझी भाताची सवय अशी की पान पिवळे दिसले की आधी बुरशी शोधायची. हिरवळीत ही सवय नडते. लेखकाने मला एक जागा दाखवली. तिथे वर्षभरात तीन-तीनदा बुरशीनाशक मारून झाले होते आणि गोल डाग काही जात नव्हते. डागाच्या मध्यभागी गवत मेलेले, आणि भोवती गर्द हिरवी, तरारलेली किनार. कुत्र्याचे मूत्र! मध्ये युरिया जास्त झाला म्हणून जळले, कडेला बेताचा मिळाला म्हणून फोफावले. इमारतीच्या ज्या रखवालदाराने कुत्रा पाळला होता त्याच्यावर मग कोणी औषध मारायला गेले नाही, एवढे बरे. दुसरीकडे गवत गालिच्यासारखे हाताने गुंडाळता येत होते. मुळे कुरतडून खाल्लेली, खाली पांढऱ्या गलेलठ्ठ हुमणीच्या अळ्या. तिसरीकडे साऱ्या लॉनवर पांढुरकी झाक होती, जणू राख शिंपडली आहे. ती भुरी निघाली नाही, यंत्राचे पाते बोथट होते. पात्याने पान कापले नव्हते, फाडले होते, आणि फाटलेली टोके वाळून पांढरी पडली होती. आणि खरोखर राख पडल्यासारखे दिसणारे एक प्रकरणही आहे: पावसाळ्यात पानांवर चढून बसणाऱ्या स्लाइम मोल्डचे करडे दाणे. ते गवताला काहीही करत नाहीत. झाडूने झटकले की झाले. पण त्याच दाण्यांवर हजारो रुपयांची फवारणी झालेली मी ऐकली आहे.

तेव्हा पहिले औजार औषधाचा पंप नाही. पहिले औजार म्हणजे पहाटेची वेळ आणि दहापट मोठे दाखवणारे हातभिंग. दव असताना बुरशीचे धागे दिसतात, ऊन आले की गोष्ट संपते. भिंग नसेल तर ओल्या कागदासह गवताचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवावा. बुरशी असेल तर सकाळपर्यंत ती स्वतःच पांढऱ्या तंतूंनी साक्ष देते. डागाच्या मध्याचा तुकडा घेऊ नये. तिथे सगळे मेलेले असते आणि मेलेल्यावर कोणतीही बुरशी बसते. आजारी आणि निरोगी यांच्या सीमेवरचा घ्यावा. प्रयोगशाळेत नमुना पाठवतानाही हाच नियम, आणि आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे हे सांगूनही डागाच्या मध्याचेच नमुने येत राहिले.

पावसाळ्यात हिरवळीत उगवणाऱ्या छत्र्यांबद्दल एक इशारा मी माझ्या जबाबदारीवर इथे देतो, कारण त्याचा गवतापेक्षा माणसाशी संबंध आहे. आपल्या भागात अळंबी जंगलातून आणून खातात, वारुळावरची तर आवडीने खातात. बंगल्यापुढच्या हिरवळीत कधीकधी मोठी, पांढरी, वर तपकिरी खवल्यांची छत्री येते, पुष्कळदा गोल रांगेत. ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. दिसायला खाण्याजोगी, पण खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. पिकल्यावर छत्रीखालच्या चुण्या हिरवट पडतात, ही तिची खूण. पण कोवळेपणी ती पांढरीच असते, म्हणून खुणेवर विसंबू नये. गवताला तिचा फारसा त्रास नाही. मुले खेळत असतील तर उपटून टाकावी.

आता या विद्येचा इतिहास, जमेल तेवढ्या थोडक्यात. हिरवळ ही मुळात यंत्राची लेक आहे. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने कापडाचे तंतू समान कापणारे यंत्र पाहिले आणि १८३० साली त्यावरून गवत कापायचे यंत्र बनवले. गवत सारखे आणि आखूड कापता येऊ लागले, आणि आखूड कापलेले गवत आजारी पडू लागले. पण रोगांचा अभ्यास सुरू झाला तो अमेरिकेत, गोल्फपायी. १९१४च्या सुमारास फिलाडेल्फियात फ्रेडरिक टेलर या गृहस्थांच्या गवताच्या वाफ्यांत तपकिरी ठिगळे दिसली. हे तेच टेलर, कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे, ज्यांच्या नावाने व्यवस्थापनशास्त्राचा एक पंथच ओळखला जातो. १९१९ मध्ये पायपर आणि को या दोघांनी ही ठिगळे रायझोक्टोनियाची, असे छापले. १९२० साली अमेरिकी गोल्फ संघटनेने गवतासाठी स्वतंत्र विभाग काढला. १९३२ साली मॉन्टिथ आणि डाल यांनी तिथून हिरवळीच्या रोगांवरचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉलर स्पॉटच्या बुरशीला इंग्लंडच्या बेनेटने १९३७ साली नाव दिले, आणि २०१८ मध्ये ते बदलून क्लॅरिरीडिया झाले. नावे बदलत राहतात. शेतकऱ्यासमोर मी नेहमी मराठी नावावर थांबतो.

या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. गोल्फच्या मैदानात नफा होता आणि घाईही होती. आधी बोर्डो मिश्रण वापरले, आणि मातीत तांबे साचून गवतच जळू लागले. मग पाऱ्याची औषधे आली, कॅडमियम आले. दशकानुदशके हिरवळीवर पारा शिंपडला गेला. १९६० नंतर बेनोमिलसारखी झाडात शिरून काम करणारी औषधे आली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सत्तरच्या दशकातच डॉलर स्पॉटची बुरशी त्यांना सरावल्याचे दिसू लागले. आपल्याकडे सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने अठरा कीडनाशकांवर बंदी घातली. त्या यादीत बेनोमिल होते, पाऱ्याचे एक संयुगही होते, आणि परदेशी हिरवळींवर एकेकाळी गाजलेले फेनॅरिमॉलही. जुन्या इंग्रजी पुस्तकातला सल्ला आजही छापील स्वरूपात कोणाच्या तरी कपाटात आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे.

या धावपळीतून दोन पंथ तयार झाले आणि ते अजून भांडतात. एक पंथ म्हणतो, फवारणीचे वेळापत्रक ठरवा, ठरावीक दिवसांनी फवारा, ठिपका दिसायची वाट पाहू नका. दुसरा म्हणतो, रोग हे लक्षण आहे. माती, पाणी, कापणीची उंची आणि खत नीट केले की औषध क्वचितच लागते. पहिला पंथ गोल्फवाल्यांचा. ज्याला स्पर्धेच्या दिवशी चार मिलिमीटर उंचीचे निष्कलंक गवत हवे त्याला तो शोभतो. घरापुढच्या हिरवळीवर तो लादणे म्हणजे उंबऱ्यात तोफ लावणे. मी दुसऱ्या पंथाचा, आणि लेखकही. पण माझ्या लेखी तिसरा पंथही आहे, माळ्यांचा, आणि त्याला कोणी पंथ म्हणत नाही. बोईसरचा माळी 'पिवळी पावडर' आणि 'पांढरी पावडर' यांतून निवड करतो, पण तोच सांगतो की पाऊस लागण्याआधी युरिया टाकला की 'गवत माजते आणि मग कुजते'. जास्तीच्या नत्राने पाने लुसलुशीत होऊन बुरशीला आयती मेजवानी मिळते, हे शास्त्र त्याने दोन शब्दांत बसवले आहे.

भारतात कवकशास्त्राला उणे नव्हते. बिहारमधल्या पुसा येथे काम केलेल्या एडविन बटलर यांचा वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवरचा ग्रंथ १९१८ साली आला. बा. भ. मुंडकुरांनी १९४७ साली या विषयाची भारतीय संस्था उभी केली. पुण्यात अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आघारकर संस्थेत आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ऑरिओफंगिन हे पिकांच्या बुरशीवर चालणारे प्रतिजैविक शोधले. पण ही सगळी बुद्धी भात, ज्वारी, द्राक्ष, ऊस यांच्यावर खर्च झाली, आणि तेच योग्य होते. ज्या देशात १९४२ साली भातावरच्या तपकिरी ठिपक्यांनी बंगालचे पीक बुडाले, आणि पुढच्या वर्षी दुष्काळ पडला (सगळा दोष बुरशीवर ढकलता येत नाही, बाजार आणि सरकारही त्यात होते), त्या देशात हिरवळीवर कोण संशोधन करणार?

मग आता का? एक कारण औषधाच्या डब्यावर छापलेले आहे. १९६८ च्या कीडनाशक कायद्याखाली नोंदलेल्या औषधाच्या लेबलवर पिकांची नावे असतात: भात, भुईमूग, द्राक्ष, मिरची. लॉनचे नाव शोधत बसावे लागते. म्हणजे घरमालक कृषी सेवा केंद्रातून डबा आणतो, त्यावर त्याच्यासाठी काहीही लिहिलेले नसते, आणि मात्रा दुकानदाराच्या अंदाजाने ठरते. संध्याकाळी त्याच गवतावर मूल लोळते. दुसरे कारण पाणी. सूर्या नदीचे, धामणी धरणाचे पाणी सगळ्यांना पुरवायचे, म्हणून अनेक ठिकाणी बागेला प्रक्रिया केलेले सांडपाणी देतात. कल्पना चांगली, पण त्यातले क्षार साचून गवत आतून थकते, आणि थकलेल्या गवतावर बुरशी आधी येते. आणि ते पाणी बहुधा संध्याकाळी सोडतात, कारण तेव्हा माणूस मोकळा असतो. संध्याकाळचे पाणी म्हणजे रात्रभराची ओल. पहाटे दिले तर सूर्य ती दोन तासांत पुसून टाकतो. हे पुस्तक वाचून वाचकाने फक्त पाण्याची वेळ बदलली तरी त्याच्या निम्म्या तक्रारी मिटतील, असे मला वाटते.

तिसरे कारण जरा दूरचे आहे, पण भाताच्या माणसाला ते सुटत नाही. १९८५ साली ब्राझीलमध्ये पायरिक्युलॅरियाने गव्हावर उडी घेतली, आणि २०१६ साली ती बांगलादेशच्या गव्हात पोचली. गवतांवर राहणाऱ्या बुरशी पिकांकडे वळू शकतात. आपल्या हिरवळीतून वाड्याच्या भाताला उद्या धोका आहे असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण गवतावर काय वाढते आहे याची नोंद ठेवणारे कोणीतरी असावे. खाचराच्या नोंदी आम्ही ठेवतो. बंगल्यापुढच्या कोणीच ठेवत नाही.

हे पुस्तक नोंदवहीतून वाढले आहे, आणि तेच त्याचे बळ. लेखकाने अनेक पावसाळ्यांत कुठे, कोणत्या गवतावर, पाऊस पडून किती दिवसांनी, पात्याची उंची किती असताना काय दिसले हे लिहून ठेवले. त्यामुळे इथे रोग वर्णक्रमाने येत नाहीत, ऋतूंच्या क्रमाने येतात. वाचकाने महिना उघडायचा आणि पायाखाली काय दिसते ते पाहायचे. प्रतिबंधाचे उपाय साधेच आहेत, पण त्यांची कारणे सांगितली आहेत: एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त का कापू नये, ओल्या गवतात यंत्र का चालवू नये, आजारी ठिगळ शेवटी का कापावे आणि पाते धुऊन का ठेवावे, पालाशाने पान कणखर कसे होते, लोखंडी काट्याने जमिनीत भोके पाडली की मुळांना श्वास कसा मिळतो. ट्रायकोडर्मा आणि निंबोळी पेंडीबद्दल लेखकाचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त आहे. माझा अनुभव असा की ट्रायकोडर्मा चांगले आहे, पण ज्या पिशवीत ते महिनोन्‌महिने दुकानाच्या पत्र्याखाली तापले ती पिशवी मेलेली असते. तारीख बघून घ्यावी.

आमचा खरा मतभेद एकाच ठिकाणी आहे. लेखक म्हणतात हिरवळ एकाच जातीची, दाट आणि सपाट हवी. मला पाणथळ कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत, गाडी वळते त्या जागी गवत लावण्याचा अट्टहासच रोगाचे मूळ वाटते. तिथे फरशी घाला, अळू लावा, माती उघडी ठेवा. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पुस्तकात एक ओळही बदलली नाही. तेही ठीक.

माझ्या अंगणात लॉन नाही, तुळशीच्या कट्ट्याजवळ हरळी आपोआप पसरलेली आहे. दर मार्गशीर्षात तिच्यावर तांबेरा येतो. मी काही मारत नाही. लेखक परवा हस्तलिखिताची शेवटची पाने घेऊन आले तेव्हा त्यांनी सवयीने वाकून एक पान चोळले, केशरी झालेले बोट माझ्यापुढे धरले आणि विचारले, "मग गणपतीला दूर्वा कुठून आणता?" म्हटले, याच. भाद्रपदापर्यंत तिला नवी पालवी आलेली असते. फक्त सकाळी, दव वाळल्यावर खुडतो.